डिपॉझिटसाठी भाडेकरूला ग्राहक आयोगात पाठवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं वाचकांच्या कायदेशीर शंकांचं पान मी नेमाने वाचते. गेल्या खेपेला एका भाडेकरूने विचारलं होतं, की फ्लॅट सोडून तीन महिने झाले, घरमालक डिपॉझिट देत नाही, काय करू? उत्तर एका ओळीत उरकलं होतं: ‘जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा.’ हे उत्तर चुकीचं आहे. ते वाचून कुणी खरोखरच आयोगात गेला, तर तक्रार चालण्याजोगी नाही हे कळेपर्यंत त्याचे कितीतरी महिने जातील. म्हणून हे पत्र. थोडं लांबलं तर सांभाळून घ्यावं.

मी वकील नाही. नोंदणी विभागात लिपिक म्हणून लागले आणि दुय्यम निबंधक कार्यालयातूनच निवृत्त झाले. ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ या दोघांच्या मधल्या टेबलावर नोकरी गेली. दस्त नोंदवायला येतात तेव्हा दोघंही खुशीत असतात. वर्षभराने त्यातला एक जण तोच दस्त काखोटीला मारून येतो आणि विचारतो, “मॅडम, यात डिपॉझिट परत कधी द्यायचं ते कुठं लिहिलंय?” बहुतेक वेळा लिहिलेलं नसतंच. निवृत्तीनंतर माणसं घरी येतात, प्रश्न मात्र तोच असतो.

आधी ग्राहक आयोगाचं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा. नुसतं घर राहायला देणं ही या अर्थाने सेवा धरली जात नाही, आणि साध्या भाडेव्यवहारातला भाडेकरू ग्राहक ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याच्या काळातच सांगून ठेवलं आहे. मालकाने करारात काही ठरावीक सेवा पुरवायचं कबूल केलं असेल, तर वाद घालायला जागा उरते. पण दोन खोल्या, एक किचन आणि महिन्याच्या पाच तारखेला भाडं अशा साध्या व्यवहारात ती जागा नसते.

गंमत अशी, की त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर राहणारा, सकाळ-संध्याकाळ तिथलंच जेवण घेणारा विद्यार्थी मात्र आयोगाचं दार ठोठावू शकतो. कायद्यातल्या ‘सेवा’ या व्याख्येत निवास आणि भोजन, दोन्ही किंवा दोहोंपैकी एक, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागात स्पर्धा परीक्षांची हजारो मुलं राहतात. त्यांतल्या कितीजणांना हा फरक माहीत असेल? पीजी चालवणारा डिपॉझिट बुडवतो तेव्हा आयोग. फ्लॅटचा मालक बुडवतो तेव्हा दुसरा रस्ता. आपल्या पानाने सांगायला हवं होतं ते हे.

आता त्या दुसऱ्या रस्त्याकडे येते. पण त्याआधी करार, कारण डिपॉझिटचं भांडण घर सोडताना दिसतं, त्याचं मूळ घर घेतानाच्या कागदात असतं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचं कलम ५५ प्रत्येक एजंटच्या टेबलाच्या काचेखाली असायला हवं. भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी देणारा करार), तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. याहून महत्त्वाचं पुढचं वाक्य आहे: नोंदवलेला लेखी करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य, ते खोटं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. इतका भाडेकरूच्या बाजूने झुकलेला नियम दुसरा दाखवा! आणि तरीही भाडेकरूच दबून असतो, कारण त्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं.

एजंट काय सांगतो? “अकरा महिन्यांचा करार आहे ना, मग रजिस्टर करायची गरज नाही, नोटरी पुरते.” ही समजूत १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आली आहे. त्यात एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी सक्तीची आहे, म्हणून अकरा महिन्यांची पळवाट. महाराष्ट्रात कलम ५५ ने ती बुजवून टाकली, अकरा महिने असोत की अकरा दिवस. एजंटच्या ते अजून गावी नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे. नोटरीचा शिक्का एवढंच सांगतो, की अमुक माणसाने माझ्यासमोर सही केली. तो दस्त सरकारी नोंदीत कुठेही जात नाही. “रजिस्टर आहे हो” म्हणत माणसं माझ्यासमोर लाल गोल शिक्क्याचा कागद ठेवतात, तेव्हा मी सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, मागते. इंडेक्स टू म्हटलं की पुष्कळांना कळतं. ती नसेल तर नोंदणी झालेली नाही, विषय संपला. असेल तरी दस्त क्रमांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधून पाहावा. खोट्या नोंदणीच्या छापील प्रतीसुद्धा पाहिल्या आहेत मी.

बरं, नोंदणी महाग म्हणावी, तर तसंही नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का; त्या रकमेत परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं. महिना वीस हजार भाडं, अकरा महिने, साठ हजार डिपॉझिट, असं धरा. भाड्याचे दोन लाख वीस हजार, व्याजाचे साडेपाच हजार. त्याचा पाव टक्का होतो पाचशे चौसष्ट रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. वर थोडंसं हाताळणी शुल्क. ऑनलाइन ई-नोंदणी घरबसल्या होते, आधार आणि अंगठा लागतो. एवढ्याशा पैशांसाठी लोक नोटरीकडे का वळतात, याचं कोडं मला नोकरीत असताना उलगडलं नाही; उत्पन्न दडवणं हे एक कारण असावं. शिवाय अपुऱ्या मुद्रांकाचा कागद कोर्टात पुरावा म्हणून पुढे करायचा, तर आधी तूट आणि तिच्यावर महिन्याला दोन टक्क्यांनी दंड भरावा लागतो.

यातच एक वाईट खोड आहे. डिपॉझिट साठ हजार ठरतं, दस्तात वीस लिहितात, चाळीस रोख. भाडेकरूला सांगतात, “स्टॅम्प वाचतो.” किती वाचतो ते हिशेब करून बघा: चाळीस हजारांवरचं वर्षाचं व्याज चार हजार, त्याचा पाव टक्का दहा रुपये. दहा रुपये वाचवण्यासाठी चाळीस हजारांचा पुरावा सोडून द्यायचा! मुलं परगावची, घर मिळण्याची घाई, मागे रांग लागलेली; देतात बिचारी. माझं प्रत्येकाला एकच सांगणं असतं, की डिपॉझिट बँकेतूनच द्या आणि व्यवहाराचा क्रमांक दस्तात घाला.

आमच्या ओळखीतला एक मुलगा, मूळचा लातूर जिल्ह्यातला, दोन मित्रांबरोबर नवी पेठेत राहत होता. घर सोडताना मालकांनी पंचवीस हजार रंगाचे कापले. तीन पोरं दोन वर्षं राहिली, तर भिंतीला हात लागणारच. वापराने होणारी झीज आणि केलेलं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकांनी करारातली ओळ दाखवली: ‘घर सोडतेवेळी रंगकामाचा खर्च डिपॉझिटमधून वजा होईल.’ किती, कोणत्या दराने, पावती दाखवायची की नाही, काही नाही. अशा ओळीवरही सगळं संपत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ असं, की करारभंगासाठी दंडाचा आकडा आधीच लिहून ठेवलेला असला तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं. लिहिलेला आकडा ही फार तर वरची मर्यादा. ‘लॉक-इन मोडलं (ठरल्या मुदतीआधी घर सोडलं), सगळं डिपॉझिट जप्त’ या अटीलाही हेच लावून पाहावं. करारात लिहिलं म्हणजे दगडावरची रेघ झाली, असं समजणारे मालक आणि भाडेकरू दोघंही फसतात.

या मुलाचं नशीब, की पैसे मिळाल्याचा मालकांचा मेसेज त्याच्या व्हॉट्सअॅपवर होता आणि घरात शिरताना त्याने भिंतींचे फोटो काढले होते. भिंती तेव्हाही नव्या रंगाच्या नव्हत्या. (मेसेज कोर्टात द्यायचा तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. आणि तो फोन जपून ठेवायचा, एक्स्चेंजमध्ये देऊन टाकायचा नाही.) आधी त्याच्याकडून साधी मराठीत नोटीस लिहून घेतली: अमुक तारखेला चावी दिली, अमुक रक्कम येणं आहे, पंधरा दिवसांत द्यावी, कापलेल्या पैशांची बिलं दाखवावीत. वकिलाच्या लेटरहेडची सक्ती नाही. रजिस्टर ए.डी.ची सवय असणाऱ्यांसाठी सांगते, की २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे. तेव्हा स्पीड पोस्टानेच पाठवावी आणि पोच घ्यावी.

नोटिशीला उत्तर आलं नाही. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज दिला. पुण्यात हे कार्यालय शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे. दावा दाखल करण्याआधीच समोरच्याला बोलावून लोकअदालतीत तडजोड करता येते, हे आपल्या वाचकांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. खर्च नाही. तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ येतं आणि त्यावर अपील नाही. मर्यादा एकच, दोघं राजी हवेत; मालक आलाच नाही तर लोकअदालत त्याच्यावर निकाल लादत नाही. या प्रकरणात मालक आले. प्राधिकरणाचं पत्र दारात आल्यावर पुष्कळांचा सूर बदलतो. रंगाचे सात हजार कापून बाकीचे मिळाले. मुलाला तेही सात हजार हवे होते, मी म्हटलं घे आणि अभ्यासाला लाग.

तडजोड झाली नसती, तर दिवाणी दावा. त्याला मुदत तीन वर्षांची. वकील परवडत नसेल तर याच प्राधिकरणाकडून मोफत मिळू शकतो: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिलांना उत्पन्नाची अट नाही, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग व्यक्तींनाही नाही. विचारपूस करायला १५१०० हा क्रमांक आहे.

एवढं भाडेकरूचं लिहिलं म्हणून घरमालक माझ्यावर रागावतील, तर त्यांच्याही बाजूचं सांगते. पुण्यातले सगळे मालक बंगलेवाले नव्हेत. आमच्याच सोसायटीत एक निवृत्त शिक्षिका आहेत, नवऱ्यामागे एका वन बीएचकेच्या भाड्यावर औषधपाणी चालतं. भाडेकरूने मुदत संपल्यावर घर सोडायला नकार दिला आणि वर तीन महिन्यांचं भाडं थकवलं. त्यांचा करार नोंदवलेला होता, म्हणून वाचल्या. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे लायसन्सची मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत शपथपत्र देऊन लढायची परवानगी मागावी लागते, ती आपोआप मिळत नाही. आणि मुदतीनंतर जितके दिवस तो बसून राहील तितक्या दिवसांचं दुप्पट भाडं भरपाई म्हणून लागू होतं. नोटरीच्या कागदावर त्या हा रस्ता इतक्या सहज चालू शकल्या नसत्या. नोंदणीत मालकाचा फायदा जास्त आहे असं माझं मत आहे, आणि मालकच ती टाळतात!

राहिलं ग्राहक आयोगाचं खरं काम. ते कुठलं, हे आपल्या पानावर एकदा नीट यावं. बिघडलेला फ्रिज, न पोचलेलं पार्सल, विमा कंपनीचा नकार, अर्ध्यावर बंद पडलेला क्लास, हे सगळं तिथलं. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग, दोन कोटींपर्यंत राज्य, त्यापुढे राष्ट्रीय. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी गुरुग्रामची असली म्हणून तिकडे जावं लागत नाही. वकील लागत नाही. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवर घरूनही दाखल होते. कंपनीला उत्तरासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा. पंचेचाळीस दिवसांनंतर तिचं उत्तर घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवून दिलं आहे. निकाल मात्र कायद्यात लिहिलेल्या तीन-पाच महिन्यांत लागेल अशी आशा कुणी धरू नये. म्हणूनच आधी १९१५ या हेल्पलाइनवर, मराठीतून, तक्रार नोंदवून पाहावी. कंपन्या तिथेच पुष्कळदा पैसे परत करतात.

लक्ष्मी रस्त्यावर आजही ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशा पाट्या दिसतात. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही नव्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिल न देणं हीसुद्धा. यात एक गोष्ट गिऱ्हाइकाने लक्षात घ्यावी: साडी घरी नेल्यावर सुनेला रंग आवडला नाही, हा दोष नव्हे. तिथे दुकानदाराने बदलून दिली तर तो त्याचा चांगुलपणा.

क्लासच्या फीबद्दल. विद्यापीठ किंवा कॉलेजविरुद्ध आयोगात जाणं कठीण, पण खासगी कोचिंग क्लास त्यात मोडत नाही, असं राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये म्हटलं. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत मुलाने पूर्ण फी भरून मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी असं आहे. त्या सूचना आहेत, कायदा नव्हे, तरी तक्रारीत त्यांचा उल्लेख जरूर करावा. ‘फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ हे पावतीमागचं वाक्य वाचून घरी परतणाऱ्या पालकांना हे कुणी सांगत नाही.

आणि नवं घर बुक करणाऱ्यांना एवढंच, की नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. रेरा, म्हणजे बिल्डरांच्या गृहप्रकल्पांसाठीच्या कायद्याचं, कलम १३.

आता विनंती दोन. पहिली आपल्याला: पुढच्या रविवारी ते उत्तर दुरुस्त करावं, आणि त्याच जागी, त्याच आकाराच्या अक्षरांत. दुसरी नोंदणी विभागाला, माझ्याच जुन्या खात्याला. ऑनलाइन लिव्ह अँड लायसन्सच्या नमुन्यात भाडं, डिपॉझिट, मुदत यांचे रकाने भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तसाच एक सक्तीचा रकाना असावा: डिपॉझिट किती दिवसांत, कोणत्या खात्यात परत, आणि कोणत्या कारणासाठी किती कापता येईल. तोवर ज्यांना नवा करार करायचा आहे त्यांनी इतर अटींच्या जागेत हे वाक्य आपल्या हाताने घालावं (लायसन्सर म्हणजे घरमालक, लायसन्सी म्हणजे राहणारा): ‘घराचा ताबा परत मिळाल्या दिवशीच लायसन्सर संपूर्ण डिपॉझिट लायसन्सीच्या बँक खात्यात जमा करतील, वीजबिल व पावतीसह दाखवलेल्या नुकसानीखेरीज कोणतीही वजावट करणार नाहीत.’ मालक हे लिहायला तयार नसेल, तर पैसे देण्याआधीच ते कळलेलं बरं.

आपली,
एक निवृत्त लिपिक, नोंदणी विभाग
कोथरूड, पुणे
(नाव छापू नये, ही विनंती.)